प्रेक्षकांनी बसावे की उभे राहावे?

जुन्नर तालुक्यातील खोडद हे गाव जगाच्या नकाशावर आले ते तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या या प्रकल्पातील तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत आणि अवकाशातून येणारे अत्यंत क्षीण संदेश त्या टिपत असतात. शहरांतील रेडिओलहरींच्या गोंगाटापासून हा भाग तुलनेने मुक्त होता, म्हणूनच या प्रकल्पासाठी त्याची निवड झाली. परंतु चैत्र-वैशाखातील यात्रांच्या दिवसांत याच जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात कोणी पाऊल ठेवले, तर शांततेशी या मुलखाचे काही नाते असेल यावर त्याचा विश्वास बसणार नाही. बैलगाड्याच्या घाटात दुतर्फा हजारो माणसे उभी असतात, ध्वनिक्षेपकावर निवेदकाचा आवाज चढत असतो, बारी सुटताच ‘भिर्रर्र’चा गजर होतो आणि पुढच्या काही सेकंदांत घाटाच्या तळापासून निशाणापर्यंत आरोळ्यांची एक लाट धावत जाते. गाडा थांबतो, भंडारा उधळला जातो, सेकंद जाहीर होतात आणि गर्दी पुढच्या बारीकडे वळते.

या घाटातील प्रेक्षक उभा असतो. बसलेला असतो तो फक्त मंडपातील मान्यवर! पिढ्यान्‌पिढ्या हे असेच चालत आल्यामुळे त्यात विचार करण्याजोगे काही आहे, असे कोणाला वाटत नाही. वास्तविक, प्रेक्षकाने उभे राहून खेळ पाहावा की बसून, या एका प्रश्नावर युरोपातील फुटबॉलविश्वात गेली तीन-साडेतीन दशके वाद झडत आहे. उभ्या प्रेक्षकांमुळे सामन्याला रंग चढतो, असे एका बाजूचे म्हणणे. तर त्या रंगाची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे, हे दुसऱ्या बाजूचे उत्तर. आपल्याकडे हा वाद अद्याप सुरूही झालेला नाही. तो वेळीच सुरू व्हावा, यासाठी आज सबळ कारण आहे.

लढाई बैलांची, विसर प्रेक्षकांचा

केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये प्रदर्शन व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलांचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूसह बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. पण उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे घाट सुनेच राहिले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच सदस्यांच्या घटनापीठाने राज्यांनी केलेल्या कायद्यांवर शिक्कामोर्तब केले. या साऱ्या लढ्यात युक्तिवाद झाले ते बैलांच्या वेदनांविषयी, त्यांच्या शरीररचनेविषयी, परंपरेविषयी आणि देशी गोवंशाच्या अर्थकारणाविषयी. ते साहजिकच होते. मात्र या गदारोळात घाटाच्या कडेला उभ्या असणाऱ्या माणसाचा विचार मागे पडला.

हा माणूस आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने घाटात येतो. बंदीच्या काळात दबलेला उत्साह, मोबाइलवर क्षणात पसरणाऱ्या चित्रफिती, बक्षिसांच्या वाढत्या रकमा आणि त्यात गुंतलेली गावोगावच्या पुढाऱ्यांची प्रतिष्ठा, या सर्वांमुळे यात्रेची शर्यत ही आता एका गावापुरती राहिलेली नाही. त्यातच या भागातील शर्यतीत गाड्यावर सहसा चालक नसतो. पुढे घोडी धावते आणि तिच्यामागे बैल. सुटलेला गाडा ऐनवेळी बाजूला वळला तर त्याला आवरणारे कोणी नसते. बुजलेले बैल गर्दीत शिरून प्रेक्षक जखमी झाल्याच्या, प्रसंगी जिवास मुकल्याच्या बातम्या वाचकांना नव्या नाहीत. अशा प्रत्येक घटनेनंतर ‘प्रेक्षकांना गॅलरी बांधून बसवा’ ही सूचना पुढे येते आणि त्यावर ‘मग घाटात मजा काय राहिली’ हे उत्तरही ठरलेले असते. नेमका हाच प्रश्न आणि हेच उत्तर इंग्लंडमध्ये १९८९ नंतर वर्षानुवर्षे ऐकू येत होते. म्हणूनच तिकडचा अनुभव तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

इंग्लंडने खुर्च्या का लावल्या?

इंग्लंडमधील फुटबॉल हा मुळात कामगारांचा खेळ. शनिवारी दुपारी गिरणी-कारखाना सुटला, की स्वस्त तिकीट काढून गोलखांबामागच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर उभे राहायचे, ही तेथील कित्येक पिढ्यांची रीत होती. खुर्च्या होत्या त्या मुख्य स्टँडमध्ये, ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी. उभ्या प्रेक्षकांच्या या पायऱ्यांवर गाणी जन्मली, घोषणा घडल्या आणि क्लबांच्या अस्मिताही पोसल्या गेल्या.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी तुंबल्याने पोलिसांनी बाहेर पडण्याचा एक दरवाजा उघडला आणि आत शिरलेला लोंढा बोगद्यातून थेट आधीच भरलेल्या मधल्या कोंडाळ्यांत गेला. पुढे मैदानाच्या कडेला उंच लोखंडी जाळी. माणसे जाळीवर दाबली गेली. या दुर्घटनेतील बळींची संख्या पुढे ९७ झाली. शेवटच्या जखमीचा मृत्यू तर २०२१ मध्ये झाला. प्रारंभी दोष मद्यधुंद प्रेक्षकांच्या माथी मारला गेला. तो खोटा होता, यावर ज्यूरीचे शिक्कामोर्तब व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मृत्यूंच्या चौकशीत ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरवले आणि हे मृत्यू बेकायदा घडल्याचा निर्वाळा दिला.

लॉर्ड न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० मध्ये सादर केलेल्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांना बसण्याची व्यवस्था करावी, अशी शिफारस केली. त्यानुसार १९९४ पर्यंत वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवरून उभ्याच्या पायऱ्या हटल्या. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. उभे राहणे हे मुळातच धोकादायक आहे, असे टेलर यांनी म्हटलेले नाही; उलट तसे ते नसते, हे त्यांनी स्पष्ट केले होते. मात्र माणसे मोजण्याचा, गर्दी एका जागी साचू न देण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणून त्यांनी खुर्चीची निवड केली. एक खुर्ची म्हणजे एक माणूस, हा हिशेब चुकवणे कठीण असते. शिफारशीमागचा हा तर्क पुढे लोक विसरले आणि ‘उभे राहणे म्हणजे धोका’ एवढेच लक्षात राहिले.

खुर्च्या आल्या, सुरक्षितता वाढली, स्त्रिया आणि मुले अधिक संख्येने मैदानावर येऊ लागली. त्याच काळात दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि तिकिटांचे दरही आकाशाला भिडले. ज्या पायऱ्यांवर शाळकरी पोर खिशातल्या चिल्लरवर उभे राहत होते, तेथे आता महिनोन्‌महिने आधी आरक्षण करणारा, खाद्यपदार्थांचे पुडे घेऊन येणारा, मध्यंतर होण्यापूर्वीच उठणारा प्रेक्षक बसू लागला. मैदाने मुकी झाली, ही तक्रार त्यातून आली. तिच्यात तथ्य आहेच; पण दोष खुर्चीचा किती आणि तिकिटाचा किती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे.

जर्मनीची वेगळी वाट

जर्मनीने याच काळात वेगळा मार्ग धरला. तेथील क्लबांनी उभ्याच्या जागा मोडून न काढता त्या सुधारल्या. डॉर्टमुंडच्या मैदानाची दक्षिण बाजू हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. सुमारे २५ हजार माणसे एकाच उतारावर उभी राहतात आणि क्लबच्या पिवळ्या रंगात बुडालेल्या त्या बाजूला ‘पिवळी भिंत’ म्हणून ओळखले जाते. देशांतर्गत सामन्यांसाठी या मैदानाची क्षमता ८१ हजारांवर आहे. युरोपीय स्पर्धांच्या सामन्यांना मात्र अनेक वर्षे सर्वांना बसवण्याची सक्ती होती, तेव्हा तेथेच खुर्च्या बसवल्या जात आणि क्षमता ६६ हजारांच्या आसपास उतरे. एकच मैदान, एकच संघ, तेच प्रेक्षक. पण सुमारे १५ हजार माणसे गळून पडत.

जर्मन पद्धतीचे रहस्य एका साध्या लोखंडी कठड्यात आहे. प्रत्येक रांगेपुढे कमरेइतक्या उंचीचा कठडा असतो. गोल झाल्यावर मागची माणसे उसळली, तरी लोट पुढे जात नाही. प्रत्येक रांग आपापल्या कठड्याशी थांबते. कठड्यालाच जोडलेली घडीची खुर्ची हवी तेव्हा उघडता येते, हा त्यातील पुढचा टप्पा. स्कॉटलंडमधील सेल्टिक क्लबने २०१६ मध्ये अशा सुमारे तीन हजार जागा केल्या. इंग्लंडमध्येही चित्र बदलत होते. खुर्च्या असूनही हजारो प्रेक्षक सामनाभर त्यांच्यापुढे उभेच राहत. पोटरीइतक्या उंचीच्या खुर्चीच्या पाठीवरून पुढच्या रांगेत कोसळण्याचा धोका उघड्या पायरीवर उभे राहण्यापेक्षा अधिक, हे लक्षात आल्यावर सरकारनेही भूमिका बदलली. जानेवारी २०२२ मध्ये पाच क्लबांच्या मैदानांवर कठड्यांसह उभे राहण्याची प्रायोगिक परवानगी मिळाली आणि २०२२-२३ च्या हंगामापासून ती इतरांनाही खुली झाली. अट एकच, एका खुर्चीच्या जागी एकच माणूस. ज्या देशाने ९७ जीव गमावून खुर्च्या लावल्या, त्याच देशाने तीन दशकांनी उभ्या प्रेक्षकाला परत बोलावले. म्हणजे मधल्या काळातील निर्णय चुकला, असा याचा अर्थ नव्हे. गर्दी मोजण्याची आणि अडवण्याची साधने आता खुर्चीवाचूनही उपलब्ध झाली होती.

रंग चढतो तो कशाने?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उभा प्रेक्षक खरोखरच अधिक रंग भरतो काय? वरवर पाहता उत्तर होकारार्थीच आहे. उभ्या माणसाचा श्वास मोकळा असतो, आवाज पोटातून निघतो, हात मोकळे असतात. उभी माणसे दाटीने असतात. शेजाऱ्याची आरोळी आपल्याही घशात येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उभ्याच्या जागेला क्रमांक नसतो. ज्याला ओरडायचे आहे तो ओरडणाऱ्यांत जाऊन मिसळतो आणि ज्याला शांतपणे खेळ पाहायचा आहे तो बाजूला सरकतो. खुर्चीचा क्रमांक ही निवड मोडून टाकतो. गाणारे दहाजण दहा कोपऱ्यांत विखुरले गेले, की ते गाणारे राहत नाहीत. तेव्हा पायांवर उभे राहण्यापेक्षाही समविचारी माणसांनी एकत्र येणे, तिकीट त्यांना परवडणे आणि डोक्यावरच्या छताने त्यांचा आवाज मैदानावर परतवणे, या तीन गोष्टींत वातावरणाचे मर्म आहे.

याचा पुरावा शोधण्यासाठी युरोपात जाण्याची गरज नाही. कोल्हापूरचे खासबाग मैदान डोळ्यांसमोर आणा. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपात पाहिलेल्या रंगमंडलांच्या धर्तीवर हे मैदान बांधून घेतले आणि १९१२ मध्ये ते कुस्तीसाठी खुले झाले. मध्ये उंचावरचा हौदा आणि भोवती उतरत्या जमिनीवर मांडी घालून बसलेले हजारो शौकीन, ही त्याची रचना. कोणी उभा राहिला तर मागून ‘खाली बसा’चा पुकारा होतो, कारण एकाच्या उभे राहण्याने मागच्या पन्नासजणांची कुस्ती बुडते. तरीही निकाली कुस्तीच्या क्षणी खासबागेतील गर्जना ज्याने ऐकली आहे, तो बसलेला प्रेक्षक थंड असतो असे कधीही म्हणणार नाही. बसणे हे तेथे सक्तीचे नाही. ते एकमेकांशी केलेले सामंजस्य आहे. डाव पडला, की सारे मैदान एका क्षणात उभे राहते आणि पुन्हा खाली बसते.

त्याच कोल्हापुरात फुटबॉलचे वेडही तालमींतूनच आले आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब ही नावे उच्चारली, की पेठापेठांतील चुरस डोळ्यांसमोर उभी राहते. छत्रपती शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेला समर्थक नव्वद मिनिटांत किती वेळ बसलेला असतो, हे मोजणे अवघड. आपल्या संघाची चढाई सुरू झाली, की तो उठतो. चेंडू बाहेर गेला, की बसतो. समर्थकांतील हाणामाऱ्या आणि त्यापायी थांबवावे लागलेले सामने हा या वेडाचा काळा भाग. पण त्याचे मूळ उभे राहण्यात नाही. ते दोन गटांच्या मधल्या जागेच्या, प्रवेशाच्या आणि शिस्तीच्या अभावात आहे.

खोडदपासून जवळच असलेल्या नारायणगावची ओळख तमाशापंढरी अशी आहे. यात्रांचा हंगाम तोंडावर आला, की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. तमाशाचा रसिकही जमिनीवर बसलेलाच असतो. मागच्या बाजूला उभ्यांची गर्दी असते ती जागा नसल्याने. दाद मिळते ती पुढे मांडी घालून बसलेल्यांकडून. तेव्हा एकाच यात्रेत, एकाच गावातील, एकच माणूस सकाळी घाटात उभा राहून आणि रात्री कनातीत बसून तितकाच रंगलेला असतो. ही गोष्ट ‘उभे राहिल्यावाचून मजा नाही’ या म्हणण्याची मर्यादा दाखवून देते.

खुर्ची म्हणजे शिस्त नव्हे

याउलट, खुर्ची दिली की प्रेक्षक सभ्य होतो, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. कोलकात्यातील इडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांतील दंगलीने १६ जणांचा बळी घेतला. पुढे सॉल्ट लेकचे अवाढव्य स्टेडियम उभे राहिले. १९९७ मध्ये याच दोन संघांच्या फेडरेशन चषकातील लढतीला एक लाख तीस हजारांहून अधिक प्रेक्षक सिमेंटच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसले होते आणि तो सामना भारतीय फुटबॉलमधील वातावरणाचा मानदंड म्हणून आजही सांगितला जातो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तेथे स्वतंत्र खुर्च्या लागल्या आणि क्षमता बरीच घटली. त्याच स्टेडियमवर १३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सीच्या भेटीत, महागडे तिकीट काढूनही त्याचे धड दर्शन न झाल्याने संतापलेल्या प्रेक्षकांनी याच खुर्च्या उखडून मैदानात भिरकावल्या. शिस्त खुर्चीने येत नाही. ती संयोजकांनी दिलेला शब्द पाळल्याने येते.

मुंबईकरांना वानखेडेचा अनुभव आठवत असेल. २०११ च्या विश्वचषकासाठी झालेल्या पुनर्बांधणीत तेथील क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आली. बसणे सुखाचे झाले, दिसणे चांगले झाले. पण सुमारे बारा हजार मुंबईकरांना मैदानाचा दरवाजा बंद झाला. नॉर्थ स्टँडचा आवाज त्यानंतरही टिकला, कारण तो आवाज करणारी माणसे तेथे येत राहिली. खुर्चीमुळे गप्प झाले असतील तर ते, जे आत येऊच शकले नाहीत.

प्रेक्षकाचे महत्त्व किती, हे करोनाच्या काळाने दाखवून दिले. मे २०२० मध्ये जर्मन लीग रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली, तेव्हा यजमान संघांच्या विजयाचे प्रमाण लक्षणीय घसरले. पाहुण्या संघावर पंचांची मेहेरनजर पूर्वीपेक्षा वाढल्याचे अनेक अभ्यासकांना आढळले. म्हणजे प्रेक्षकाचा आवाज ही केवळ शोभा नसून तो खेळाचा एक घटक आहे. त्याला गप्प करून खेळ सुरक्षित करणे हा सोपा मार्ग झाला. तो शहाणपणाचा मार्ग नव्हे.

मृत्यू उभ्याने येतो की अडकल्याने?

गर्दीतील दुर्घटनांचा इतिहास पाहिला, तर माणसे उभी होती म्हणून मेली असे क्वचितच आढळते. ती अडकली म्हणून मेली. ११ मे १९८५ रोजी इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या मैदानावर ५६ जण आगीत होरपळून मरण पावले, ते खुर्च्या असलेल्या जुन्या लाकडी स्टँडला लागलेल्या आगीत. आणि मागची दारे बंद होती. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील कांजुरुहान स्टेडियमवर पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यावर बाहेरच्या दरवाज्यांपाशी चेंगरून १३५ जण दगावले. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवात ११ जणांचा मृत्यू झाला, तो आत नव्हे, प्रवेशद्वारांपाशी.

महाराष्ट्राला तर यासाठी बाहेरची उदाहरणे देण्याचीही गरज नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक चेंगरून आणि होरपळून मरण पावले. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दुतर्फा दुकाने आणि आगीचा भडका. गर्दीला मागे फिरायलाही जागा नव्हती. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा बळी गेला. तेथे कोणताही खेळ नव्हता, केवळ पाऊस आणि अरुंद जिना होता. या सर्व ठिकाणी एकच सूत्र दिसते. आत किती माणसे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि ती बाहेर कोठून पडणार, याचा कोणी विचार केलेला नव्हता.

ब्रिटनमधील मैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत उभ्या प्रेक्षकांसाठी एक साधे परिमाण आहे. दहा चौरस मीटर जागेत जास्तीत जास्त ४७ माणसे. तेही जागा सुस्थितीत आणि कठडे भक्कम असतील तर. नसतील तर त्याहून कमी. हे गणित शाळकरी मुलालाही सुटेल. आपल्या यात्रासमित्यांच्या बैठकीत बक्षिसांच्या रकमा, मान्यवरांची नावे आणि पत्रिकेवरील छायाचित्रांचा क्रम यांवर तासन्‌तास चर्चा होते. घाटाच्या कडेला किती चौरस मीटर जागा आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

घाटापुरते काय करता येईल?

घाटाला निसर्गानेच उतार दिला आहे. खासबागेसाठी जो उतार मुद्दाम घडवावा लागला, तो येथे आयता आहे. या उताराला दगडमातीच्या रुंद पायऱ्या केल्या आणि दर काही पायऱ्यांनी कमरेइतका लोखंडी कठडा बसवला, तर उभा प्रेक्षक उभाच राहील आणि तरीही मागच्याचा लोट पुढच्यावर येणार नाही. त्यासाठी कोट्यवधींच्या स्टेडियमची आवश्यकता नाही. एका शर्यतीच्या बक्षिसांवर होणाऱ्या खर्चाचा काही वाटा बाजूला काढला, तरी बराच पल्ला गाठता येईल.

धावपट्टी आणि प्रेक्षक यांच्यात दुहेरी अंतर हवे. एक कठडा बैलांसाठी, दुसरा माणसांसाठी आणि मध्ये मोकळी पट्टी. निशाणाच्या पुढची जागा तर पूर्णपणे रिकामीच असली पाहिजे. भरधाव गाडा निशाण ओलांडल्यावर लगेच थांबत नाही, हे घाटातील प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही निकाल जवळून पाहण्याच्या हव्यासापायी सर्वाधिक गर्दी तेथेच होते. हिल्सबरोची जाळी प्रेक्षकांना मैदानात येऊ न देण्यासाठी होती आणि तीच त्यांचा काळ ठरली. म्हणून कठडा असा असावा, की संकटात तो ओलांडता येईल आणि मागची वाट कधीही बंद नसेल.

तिसरी गोष्ट बसण्याची. घाटात आज बसायला मिळते ते प्रतिष्ठितांना. म्हातारी माणसे, मुलांना घेऊन आलेल्या स्त्रिया, अपंग यांना उभ्यांच्या गर्दीत काहीच दिसत नाही. त्यामुळे त्यांनी घाटाचा नादच सोडलेला असतो. उभ्या प्रेक्षकाचे गुणगान करताना ही बाजू विसरता कामा नये. ज्याची उंची कमी, ज्याचे गुडघे दुखतात, जिला धक्काबुक्की नकोशी वाटते, त्यांच्या दृष्टीने ‘उभ्याची मजा’ म्हणजे बंद दरवाजाच. घाटाच्या एका बाजूला, उतारावर, मान्यवरांच्या मंडपाइतक्याच चांगल्या जागी बसण्याची सोय सर्वसामान्यांसाठी झाली, तर शर्यतीचा प्रेक्षक दुपटीने वाढेल आणि आज केवळ पुरुषांचा असलेला हा मेळा खऱ्या अर्थाने गावाची यात्रा होईल.

जिल्हाधिकारी कार्यालयाकडून शर्यतीला परवानगी मिळते, त्या वेळी बैलांच्या संदर्भातील अटी कसोशीने तपासल्या जातात आणि त्या तपासल्याच पाहिजेत. त्याच कागदावर घाटाची प्रेक्षकक्षमता, बाहेर पडण्याच्या वाटा आणि रुग्णवाहिकेचा मार्ग यांचाही आराखडा असावा, ही मागणी अवाजवी ठरू नये. दुर्घटना घडल्यावर शर्यतींनाच बंदी घाला, असा पुकारा पुन्हा होणार, हे आयोजकांनी ध्यानात ठेवावे. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर परत मिळालेली शर्यत बैलांमुळे नव्हे, तर माणसांच्या बेफिकिरीमुळे गमवावी लागली, तर तो दोष कोणत्याही प्राणिमित्र संघटनेच्या माथी मारता येणार नाही.

उभे राहावे की बसावे, या वादाला तेव्हा एकच एक उत्तर नाही. इंग्लंडने सर्वांना बसवून पाहिले आणि पुन्हा काहींना उभे राहू दिले. जर्मनीने उभ्यांना कठडा दिला. कोल्हापूरच्या खासबागेने शंभर वर्षांपूर्वीच सर्वांना दिसेल असा उतार दिला. प्रत्येक ठिकाणी यश आले ते प्रेक्षकाला मोजण्याजोगा, सांभाळण्याजोगा माणूस मानल्यामुळे. ज्याला उभे राहायचे आहे त्याला सुरक्षितपणे उभे राहता यावे, ज्याला बसायचे आहे त्याला सन्मानाने बसता यावे आणि दोघांनाही संध्याकाळी धडधाकट घरी परतता यावे. खोडदच्या तबकड्या अवकाशातील क्षीण आवाज टिपण्यासाठी केवढा खटाटोप करतात! घाटात उभ्या असलेल्या हजारो माणसांचा आवाज तर कोणालाही ऐकू येतो. त्यांची मोजदाद तेवढी अजून व्हायची आहे.